सोल्वाय गणिताला बसली

सोल्वायला गणित येत नाही ही गोष्ट आमच्या खाडीकाठी सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांत आधी ती सोल्वायनेच सांगितली होती. चौदा वर्षांची असताना शाळेतल्या मास्तरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं होतं. पोरगी हातांनी हुशार आहे म्हणाले, डोक्याचं फार मनावर घेऊ नका. आईने घेतलं नाही. सोल्वायने मात्र पुढची चौतीस वर्षं घेतलं.

त्यातली बावीस वर्षं ती शिंपल्यांच्या कारखान्यात होती. रबरी बूट, डोक्याला जाळी, समोरून सरकत जाणारा पट्टा आणि पट्ट्यावर काळे-निळे शिंपले. मेलेला, फुटलेला, उघडा पडलेला उचलायचा आणि बाजूला टाकायचा. दर मंगळवारी मात्र तिच्याकडे एक वेगळं काम असायचं. बर्फाच्या डब्यातून नमुने घेऊन ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायची. दार उघडायचं, पांढऱ्या डगल्यातला एक हात बाहेर यायचा, डबा आत, दार बंद. आत काय बघतात, कसं बघतात, हे बावीस वर्षांत तिला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची आपली लायकी नाही असं समजून तिनेही विचारलं नाही. पण त्या दाराच्या आत जायची हौस तिच्या मनातून काही गेली नाही. नवऱ्यालासुद्धा तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग कारखाना बंद पडला. बायकांना फुलं मिळाली, केक मिळाला, भाषण मिळालं. बाकीच्या जणी म्हाताऱ्यांच्या निवासात नाहीतर दुकानांत कामाला लागल्या. सोल्वायने घरी येऊन बूट धुतले, उलटे करून वाळत टाकले आणि प्रयोगशाळेतल्या कामाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजला पत्र लिहिलं. कॉलेजचं उत्तर आलं: बावीस वर्षांचा अनुभव आहे, तुमची जागा धरून ठेवतो, मात्र जूनअखेर गणितात सात हवेत.

आमच्याकडे गुणांची शिडी जरा चमत्कारिक आहे. उणे तीन, शून्य, दोन, चार, सात, दहा, बारा. मधले आकडे कोणी खाल्ले देव जाणे. दोनला माणूस पास होतो, चारला लोक खांद्यावर हात ठेवतात, आणि सात म्हणजे याला खरंच काहीतरी येतंय.

"सात," सोल्वाय नवऱ्याला म्हणाली. "मला तर दोनाचीही खात्री नाही."

क्रेस्टेन खाडी ओलांडणाऱ्या छोट्या फेरीबोटीवर कामाला होता. दिवसभर साखळी लाव, साखळी काढ, मोटारींना हात दाखव. बोलणं मोजकंच. "बसून तर बघ," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे मोठं भाषण झालं.

तर अशी सोल्वाय अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या शाळेत जाऊन बसली. वर्गात अकरा जण. शिकवायला माल्टे नावाचा एकतीस वर्षांचा तरुण. तो फ्यून बेटावरचा. तिकडची माणसं गोड बोलतात आणि आपल्याला काय वाटतं ते सांगूनही टाकतात. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना एकेक कोरी वही दिली. गणिताची नाही, स्वतःची. आपण कसं शिकतो ते तिच्यात लिहायचं. पहिल्या पानावर मथळा: मला चांगल्या येणाऱ्या तीन गोष्टी.

झालं. अकरा माणसं पंधरा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. आमच्याकडे स्वतःची स्तुती करणं आणि भर चौकात कपडे काढणं यांत फारसा फरक मानत नाहीत. एका जुन्या ट्रक ड्रायव्हरने 'गाडी मागे घेणं' असं लिहिलं, मग आजूबाजूला बघून खोडून टाकलं. सोल्वायने पानावर तारीख घातली आणि वही मिटली.

"काहीच नाही?" माल्टेने विचारलं. शिक्षक असो की मंत्री, आमच्याकडे सगळ्यांना अरे-तुरेच चालतं.

"मला गणित शिकव," सोल्वाय म्हणाली. "माझं मी बघते."

आणि तिने बघितलंही, पण कसं? घोकून. प्रमेयं, सूत्रं, सिद्धता, सगळं रंगीत कार्डांवर उतरवलं. बटाटे सोलताना एक कार्ड, इस्त्री करताना दुसरं. सायकलच्या हँडलला चिमट्याने लावून तिसरं. वाऱ्यात ते फडफडायचं आणि सोल्वाय बाई ओठ हलवत बेकरीपर्यंत जायची. लोकांना वाटलं चर्चचं काहीतरी असेल.

मे महिन्यात सराव परीक्षा झाली. तोंडी. विषय निघाला दुप्पट होण्याचा वेळ: एखादी गोष्ट ठरावीक टक्क्यांनी वाढत असेल तर दुप्पट व्हायला तिला किती वेळ लागतो. सोल्वायने सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात म्हणून दाखवली. कुठे अडखळली नाही.

"छान," माल्टे म्हणाला. "आता मला एवढंच सांग. सुरुवातीला शंभर असले काय आणि दोन हजार असले काय, दुप्पट व्हायला वेळ सारखाच लागतो. तो का?"

सोल्वायने विचार केला. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. माल्टेने तिला शेवटपर्यंत जाऊ दिलं आणि तोच प्रश्न परत विचारला. तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा त्याने हळूच हात वर केला.

"दोन," तो म्हणाला.

"दोन? एक शब्द चुकला नाही माझा."

"नाही चुकला. पण तुला ते नुसतं पाठ आहे, सोल्वाय. मी जरा बाजूचं काही विचारलं की तू परत दारात जाऊन उभी राहतेस."

"पोपट म्हण ना सरळ."

माल्टे कानापर्यंत लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागलं. घरी येईपर्यंत तिला नुसतं रडू येत होतं, आणि ते रडू मास्तरांच्या त्या जुन्या वाक्याचं होतं. हातांनी हुशार. चौतीस वर्षांनी आणखी एकाने तपासून बघितलं आणि तेच निघालं, असं तिला वाटलं. तिने कार्डांना रबर लावलं, पुस्तकं पिशवीत भरली आणि ठरवलं की उद्या जाऊन सगळं परत द्यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ती पिशवी घेऊन शाळेच्या आवारात शिरली, तर माल्टे आपल्या मोटारीची डिकी उघडून उभा. आत जाळीच्या पिशवीत दोन किलो शिंपले.

"बघ," तो खुशीत म्हणाला. कालच्या दोनामुळे त्यालाही चुकल्यासारखं झालं असावं. "आठ वाजता धक्क्यावर घेतले. संध्याकाळी मैत्रिणीला करून घालणार आहे. पांढरी वाईन, कांदा, अजमोद..."

सोल्वायने डिकीत हात घातला. डिकी तव्यासारखी तापली होती.

"फेकून दे," ती म्हणाली.

"अगं, ताजे आहेत. सकाळी पाण्यातून काढलेले. विकणारा म्हणाला, एकदम स्वच्छ."

"असतील स्वच्छ. स्वच्छ म्हणजे काय, जंतू थोडे होते. नव्हते असं नाही ना?"

"मग थोडे असले तर काय होतं? ज्या पिशवीत जास्त आहेत त्यात भराभर वाढतील. माझ्यात हळू."

"हळू कशाला?" सोल्वायचा पारा चढला. कारखान्यात हीच अक्कल पाजळणारा एक मुकादम होता. "एका जंतूचे दोन होतात. इतक्या उन्हात, धर, अर्ध्या तासाला. तो आपला आपण दोन होतो, शेजारी किती जण बसलेत ते मोजत नाही. शंभर असतील तर अर्ध्या तासाने दोनशे. दोन हजार असतील तर अर्ध्या तासाने चार हजार. अर्धा तास तोच. थोड्यांपासून सुरुवात झाली तर घाण व्हायला उशीर लागेल एवढंच, दुप्पट व्हायचा वेळ काही बदलत नाही. आठपासून साडेबारा, साडेचार तास झाले. नऊ वेळा दुप्पट. तुझ्या एकेका जंतूचे पाचशे बारा झालेत, आणि तू त्यात अजमोद घालणार."

माल्टे तिच्याकडे बघतच राहिला.

"परत सांग," तो म्हणाला.

"सांगितलं ना, फेकून दे."

"ते नाही. थोडे असोत की पुष्कळ, ते परत सांग."

तेव्हा कुठे कालचा प्रश्न सोल्वायच्या लक्षात आला; शिंपल्यांच्या नादात माल्टेही तो विसरला होता. ती डिकीच्या कडेवर बसली. पुस्तकांची पिशवी मांडीवर, आणि शेजारी ते बिचारे शिंपले.

"हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"वीस वर्षांपासून."

"बावीस. मग काल का नाही आलं?"

"काल तू तुझं कार्ड वाचत होतीस." माल्टेही तिच्याशेजारी बसला. "मला एक सांग. नव्या बायकांना कामाला कोण शिकवायचं?"

"मीच. दुसरं कोण?"

"कसं?"

हे सोल्वायला कोणी कधी विचारलं नव्हतं. "कसं म्हणजे... चांगल्या शिंपल्यांच्या पेटीत मी एक वाईट टाकायचे. मुद्दाम. आणि म्हणायचे, शोध. सापडला की विचारायचे, हा वाईट का? सांगता आलं नाही तर पेटी परत. नाहीतर काय होतं, एखादीला एकच प्रकारचा मेलेला ओळखता येतो. दुसऱ्या प्रकारचा आला की गेला डब्यात."

"आणि स्वतःला शिकवताना तू कार्डं का फडफडवत बसलीस?"

सोल्वाय उठली आणि तिने जाळीची पिशवी उचलली. मग दोघांनी मिळून शिंपले कचऱ्यात टाकले. माल्टेने संध्याकाळी मैत्रिणीला पिझ्झा खायला घातला. पुस्तकं सोल्वायबरोबर घरी परत आली.

त्या दिवसापासून तिने आपल्या डोक्याचा पट्टा आपल्या पद्धतीने चालवायला घेतला. संध्याकाळी जेवण झालं की एक उदाहरण पूर्ण सोडवून काढायचं आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायची. सकाळी कॉफीबरोबर ती शोधायची. पण आपणच पेरलेली चूक आपल्याला आठवते, ही अडचण चौथ्याच दिवशी आली. मग ते काम क्रेस्टेनकडे गेलं.

क्रेस्टेनला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्याच्या चुका अस्सल असायच्या. कुठे एखादा आकडा बदल, कुठे अधिकचं उणे कर, कुठे त्रिकोणाचा कोपरा खोडून जरा तिरका काढ. तो जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून हे करायचा. आणि सकाळी नियम असा की चूक नुसती दाखवून चालणार नाही. ती का चूक आहे, आणि ती बरोबर असती तर जगात काय गोंधळ झाला असता, हे क्रेस्टेनला पटेपर्यंत सांगायचं. क्रेस्टेन काळ्या पावाला लोणी लावत ऐकायचा. नाही पटलं तर चावायचा थांबायचा. सोल्वायला ती खूण पुरायची.

एका सकाळी तिने विजयी मुद्रेने वही त्याच्यापुढे सरकवली. "सापडली. वर्षाला दहा टक्के वाढ, म्हणून दहा वर्षांत शंभर टक्के? छान मारलीस हां. दुसऱ्या वर्षीचे दहा टक्के वाढलेल्यावर धरायला नकोत? दहा वर्षांत दीडशेच्या वर जाते ती वाढ."

क्रेस्टेनने वही जवळ घेतली, बराच वेळ बघितली. "ती माझी नाही," तो म्हणाला. "माझी खाली आहे."

सोल्वाय इतकी हसली की कॉफी सांडली. चौतीस वर्षांत गणितावर ती पहिल्यांदाच हसली असेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माल्टेने त्या कोऱ्या वह्या परत मागितल्या. सोल्वायने तारखेखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मला चूक दिसते. आणि ती का झाली हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.'

माल्टेने ते दोनदा वाचलं. "हे परीक्षेत सांगशील?"

"वेड लागलंय का तुला?" सोल्वाय म्हणाली. "तिथे बाहेरची माणसं असतात."

परीक्षेच्या दिवशी क्रेस्टेनने फेरीवर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्ट्रॉबेरीचा केक घेऊन तो शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. परीक्षेला जाणारा आत, आणि बाहेर त्याचं माणूस केक घेऊन. निकाल काय लागेल ते लागेल, केक खाल्ला जातोच.

आत टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर पालथ्या चिठ्ठ्या. टेबलामागे माल्टे, आणि त्याच्या शेजारी बाहेरून आलेली परीक्षक. बेनेडिक्टे तिचं नाव, राजधानीतली, साठीकडे झुकलेली, चेहरा मायाळू. सोल्वायला वाटत होतं दुप्पट होण्याचा वेळ निघावा. तिने चिठ्ठी उचलली. पायथागोरसचा सिद्धांत.

तयारीला शेजारच्या खोलीत चोवीस मिनिटं. पहिली दोन नुसती घाबरण्यात गेली. सिद्धतेची पहिली ओळ आठवेना. कार्ड पिवळं होतं एवढंच आठवत होतं. मग ती स्वतःशीच म्हणाली, बाई गं, बरोबर आठवत नसेल तर चुकीचं मांड. तिने मुद्दाम काटकोन नसलेला त्रिकोण काढला, तसले चार त्रिकोण कागदातून फाडले आणि एका चौरसाच्या चार कोपऱ्यांत बसवायला गेली. बसेनात. का बसत नाहीत ते बघता बघता काय बसेल ते तिला दिसलं, आणि सगळी सिद्धता समोर उभी राहिली. तिने काटकोनाचे चार फाडले, दोन्ही संच खिशात घातले. छाती धडधडत होती, पण हे धडधडणं तिला आवडलं.

ती परत आत आली तेव्हा बेनेडिक्टेने तिला बघितलं. घामेजलेली, हाताच्या बोटांना कागदाचे कपटे चिकटलेली बाई. तिला दया आली असावी. माल्टे काही विचारणार इतक्यात तीच मायेने म्हणाली, "बस, बस. घाबरू नकोस. हा सिद्धांत येतो ना तुला?"

"थोडंफार," सोल्वाय म्हणाली.

आता आमच्याकडे चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला होडी चालवता येते का विचारलं तर तो हेच म्हणतो. मी मी म्हणणाऱ्याला आम्ही होडीत घेत नाही. पण राजधानीतल्या माणसाला हे कोण सांगणार? तिकडे ज्याला थोडं येतं तो पुष्कळ म्हणतो. मग थोडंफार म्हणणाऱ्याचं काय होतं ते बघा.

"हरकत नाही," बेनेडिक्टे म्हणाली. "आपण सावकाश जाऊ. एक बाजू तीन, एक चार. तर कर्ण किती?"

"पाच."

"वा. सहा आणि आठ?"

"दहा."

"आणि कर्ण कोणती बाजू, आठवतं का?"

"काटकोनासमोरची."

"अगदी बरोबर." असं करत करत अकरा मिनिटं गेली. विचारलेल्याला उत्तर द्यायचं हे सोल्वायला लहानपणापासून शिकवलेलं, ती देत राहिली. माल्टे घड्याळाकडे बघत होता, मग खिडकीकडे, मग परत घड्याळाकडे. त्याला बोलायची सोय नव्हती. या बाईला याहून जास्त येतं असं शिक्षकाने म्हणणं म्हणजे वशिला लावणंच की.

बेनेडिक्टेने कागदावर काहीतरी टिपलं आणि सोल्वायकडे बघून हसली. ते हसू सोल्वायने लगेच ओळखलं. कारखान्यात नवी बाई पहिल्या दिवशी रडकुंडीला आली की ती स्वतः तशीच हसायची. म्हणजे, बिचारीने प्रयत्न तर केला.

हे चार आहेत, सोल्वायच्या मनात आलं. ही मला चार देणार. प्रेमाने देणार. आणि ते दार पुन्हा बंद होणार, आणि या वेळी ते दुसऱ्या कोणी बंद केलेलं नसेल.

सिद्धता सांगायची भीती तिला उरलीच नव्हती. भीती होती ती एका साध्या वाक्याची. असलं वाक्य तिच्या आईने कधी उच्चारलं नाही, क्रेस्टेनने नाही, आख्ख्या खाडीकाठी कोणी नाही. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"थांब," ती म्हणाली. "मला हे येतं."

बेनेडिक्टेने पेन खाली ठेवलं.

"चांगलं येतं," सोल्वाय म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तू मला सोपं विचारते आहेस. मी मघाशी थोडंफार म्हटलं ती माझी चूक. मला अवघड विचार. पण आधी मी तुम्हाला चुकीचं दाखवते, कारण मी तसंच शिकते."

आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत तिने हिरव्या कापडावर खडूने एक मोठा चौरस आखला. शाळेच्या कापडाचं काय होईल याचा विचारही केला नाही. खिशातून पहिले चार त्रिकोण काढून तिने चार कोपऱ्यांत ठेवले.

"हे काटकोनाचे नाहीत. बघा, कोपऱ्यात बसत नाहीत. ही फट. इथे फट पडली की पुढचं सगळं खोटं. म्हणून पायथागोरस कुठल्याही त्रिकोणाला लावून चालत नाही, काटकोनच लागतो. तो लागतो तो या इथे, या कोपऱ्यात." तिने ते उचलून बाजूला टाकले आणि दुसरे चार मांडले. "हे काटकोनाचे. बसले. मध्ये जी तिरकी जागा राहिली तो कर्णावरचा चौरस. आता यातलं एकही न काढता मी हे नुसते सरकवते. हे दोन इथे, हे दोन तिथे. आता रिकामं काय राहिलं? एक हा छोटा चौरस आणि एक हा. दोन बाजूंवरचे. मोठा चौरस तोच, त्रिकोण तेच, मग रिकामी जागा कमी-जास्त कशी होईल? पेटी तीच आणि शिंपले तेच, तर उरलेली जागाही तेवढीच."

बेनेडिक्टे पुढे वाकली. चेहऱ्यावरचं ते हसू गेलं होतं, आणि सोल्वायला ते गेल्याचं फार बरं वाटलं.

"समजा कोन काटकोनापेक्षा मोठा आहे," बेनेडिक्टे म्हणाली. "त्या दोन बाजू तेवढ्याच ठेवल्या. समोरच्या बाजूचा वर्ग त्या दोन वर्गांच्या बेरजेइतका राहील, कमी होईल की जास्त?"

हे कुठल्याही कार्डावर नव्हतं. सोल्वायने दोन्ही हात समोर धरले, मनगटं जुळवली आणि हळूहळू उघडली. "जास्त. कोन उघडला की टोकं लांब जातात. आणि कोन मिटला तर कमी. काटकोनाला ते बरोबर बेरजेइतकं असतं, म्हणजे काटकोन हा मधला काटा आहे." ती थांबली. "उलटंही खरं असणार. बेरीज जुळली तर तिथे काटकोन आहेच. माझ्या बापाने होडी ठेवायच्या गाळ्याचा कोपरा असाच तपासला असता."

"उलटं मी अजून विचारलं नव्हतं," बेनेडिक्टे म्हणाली.

"विचारणार होतीस पण," सोल्वाय म्हणाली, आणि माल्टेने तोंडावर हात ठेवला.

घंटा झाली. सोल्वाय बाहेर आली. आत गुण ठरवायला पाच मिनिटं घेतात, ती त्यांनी सात घेतली. क्रेस्टेन केक मांडीवर घेऊन बसला होता. मग दार उघडलं, माल्टेने तिला आत बोलावलं.

बेनेडिक्टे उभी राहिली होती. "दहा," ती म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. "मला एक कळलं नाही. हे सगळं येत होतं तर पहिली अकरा मिनिटं तू मला तीन-चार-पाच का खेळू दिलंस?"

"तू विचारत होतीस," सोल्वाय म्हणाली. "मला वाटलं तुला ते खेळायचंय."

बेनेडिक्टे खळखळून हसली. माल्टे मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि फ्यूनकडचा असल्यामुळे त्याने ते लपवलेही नाहीत.

व्हरांड्यात क्रेस्टेन उठून उभा राहिला. पुढच्या नंबराची मंडळी, त्यांचे केक, त्यांच्या आया-मावश्या, सगळे बाकांवर बसले होते.

"कसं झालं?" त्याने हळूच विचारलं.

"दहा," सोल्वाय म्हणाली. "बारा मिळाले असते. मी अकरा मिनिटं आधी तोंड उघडलं असतं तर."

क्रेस्टेनने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, कोणी ऐकलं तर नाही ना. ऐकलं होतं. सगळा व्हरांडा वळून बघत होता. त्याने केकचा डबा हळूच बाकावर ठेवला, तिचे दोन्ही खांदे धरले.

"परत सांग," तो म्हणाला.

सोल्वायने परत सांगितलं, आणि या वेळी जरा मोठ्याने.